गरजणाऱ्या डब्याची भीती

मी एक जुना डबा आहे. ॲल्युमिनिअमचा, लांबट, चारही कोपरे झिजलेला. माझ्या झाकणाला एक पोचा आहे आणि तीन भोकं आहेत. दोन भोकांत काळी बटणं बसवलेली आहेत आणि तिसऱ्यात पायाने दाबायचा लोखंडी खटका. सध्या मी अंबाडी गावच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, भिंगं आणि लोहचुंबक यांच्यामधल्या जागेत राहतो. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला भीती वाटणार नाही. पण मी स्वतः मात्र फार घाबरट आहे. आधी मी कशाकशाला घाबरलो आणि खरी भीती कशाची होती हे मला किती उशिरा कळलं, ते तुम्हाला सांगतो.

माझ्या पहिल्या अकरा वर्षांत माझ्यात भाकरी असायची. तांदळाची भाकरी, एखादी भाजी, कधी सुकट. भिवंडीजवळच्या काल्हेरच्या जानकीबाई मला सकाळी भरायच्या आणि त्यांचे यजमान पंढरीशेठ मला सायकलला अडकवून नारपोलीच्या कारखान्यात न्यायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तिच्यात कापड विणणारी आठ यंत्रं, म्हणजे लूम. लोक त्यांना शेठ म्हणत, पण चार लूम ते स्वतःच चालवायचे. प्रत्येक लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा एक लाकडी धोटा असतो. तो मिनिटाला शंभराहून जास्त वेळा दोन्ही टोकांना आदळतो. आठ लूमचे आठ धोटे एकदम आदळू लागले की माझं झाकण आपोआप थरथरायचं.

तिथे कोणीही तोंडाने बोलत नसे. म्हणजे लोक बोलत, पण आवाज काढत नसत. समोरचा फक्त ओठ पाही आणि उत्तर देई. 'सूत संपलं', 'चहा आला', 'तुझा मेव्हणा बाहेर उभा आहे', सगळं ओठांवर. मीही खिळ्याला टांगल्या टांगल्या ती भाषा शिकलो. ती मला पुढे इतकी उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मग माझ्या झाकणाला पोचा पडला, ते नीट बसेना, आणि जानकीबाईंनी नवा स्टीलचा डबा घेतला. मी माळ्यावर गेलो. तिथे मला पहिली भीती वाटली, भंगारात जाण्याची. ती लहान भीती होती.

२००२ साली मला माळ्यावरून कोणी काढलं, तर पंढरीशेठच्या मुलीने, मनालीने. ती भिवंडीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होती. तिचा धाकटा भाऊ मितेश गिटार वाजवायचा. त्याला हेवी मेटल नावाचं संगीत वाजवायचं होतं, ज्यात गिटारचा आवाज गोड नसतो, फाटलेला आणि गुरगुरणारा असतो. तसा आवाज काढणारी पेटी मनाली स्वतः बनवणार होती आणि तिला धातूचं एक खोकं हवं होतं.

"ताई, याच्यातून वाघ निघायला पाहिजे," मितेश म्हणाला.

"याच्यातून फक्त कापलेली लहर निघेल," मनाली म्हणाली. "वाघ तुझा तू आण."

तिने एका बंद पडलेल्या रेडिओतून दोन डायोड काढले, एक ट्रान्झिस्टर विकत आणला आणि तीन दिवस सोल्डर करत बसली. माझं काम तिने मितेशला वहीच्या पानावर काढून दाखवलं. गिटारच्या तारेतून जी लहर येते ती गोल माथ्याच्या टेकड्यांसारखी असते. आधी ती खूप उंच करायची आणि मग डायोडने तिचे माथे सपाट कापायचे. तो कापलेपणा कानाला गुरगुरल्यासारखा वाटतो. एक बटण कापण्याचं होतं, दुसरं आवाजाचं. आवाजाच्या बटणाभोवती तिने खिळ्याने एक ते दहा आकडे कोरले आणि पाचवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

"ठिपक्याच्या पुढे जायचं नाही," ती म्हणाली.

मितेशने खटक्यावर पाय दिला. मित्रांनो, माझ्या आतून जो आवाज निघाला त्याने मी स्वतःच दचकलो. अकरा वर्षं भाकरी सांभाळणाऱ्या डब्यात हे कुठे दडलं होतं? शेजारच्या ठमाबाई धावत आल्या.

"काय गो जानके, घरात लाकडं कापायची आरा-मशीन बसवलीस काय?"

जानकीबाई कानांवर हात ठेवून उभ्या होत्या. पण पंढरीशेठ खुर्चीतून उठले होते. वीस वर्षं लूम चालवून त्यांचे कान बरेचसे गेले होते. लग्नात ते बँडसमोर उभे राहायचे ते वाजवणाऱ्यांचे गाल पाहायला. ते माझ्याजवळ आले, वाकले आणि ओरडले,

"आयकू येतंय! जानके, मना आयकू येतंय गो!"

त्या दिवसापासून ते गल्लीत सांगत सुटले, "माझ्या डब्यात आधी भाकर होती. आता वाघ हाय."

ठमाबाईंची तक्रार मात्र रोजची झाली. तेव्हा पंढरीशेठनी एक तोडगा काढला. कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यातली सुताची पोती हलवून त्यांनी मुलांना सरावाला जागा करून दिली. "थं आठ लूम चालतात. थं तुमच्या नावानं कोन बोंब मारनार?"

सगळ्यांना ते फार शहाणपणाचं वाटलं. मलाही वाटलं.

तिघांचा बँड होता. मितेश गिटार वाजवायचा आणि गायचा. ड्रमवर भाविक होता, तोंडाचा तिखट, मनाचा साधा. बेस गिटारवर केसरीनाथ, जो दिवसभरात सहा शब्द बोलायचा. बँडचं नाव त्यांनी 'धोटा' ठेवलं, कारण ते लूमच्या ठेक्यावरच वाजवायला शिकले. लूम चालू असताना स्वतःचं वाजवणं ऐकू यायचं तर आवाज लूमच्या वर न्यावा लागे. मग ड्रम ऐकू येत नसत, म्हणून भाविक जोरात मारी. मग गिटार ऐकू येत नसे, म्हणून मितेश माझं बटण पुढे सरकवी. पहिल्या वर्षी मी चारवर होतो. दुसऱ्या वर्षी सहावर. लाल ठिपका बोटांनी झिजत गेला आणि एके दिवशी पुसला गेला. मनाली तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने ठिपका पुन्हा दिला नाही.

ती वर्षं माझ्या कौतुकाची होती. पडघ्याच्या मैदानावर, कॉलेजच्या कार्यक्रमांत, 'धोटा'चं नाव झालं. पोरांना माझी गोष्ट ठाऊक झाली होती. गाणं सुरू व्हायच्या आधी खालून गजर व्हायचा, "डबा! डबा! डबा!" मग मितेश पाय उचलायचा, क्षणभर हवेत धरायचा आणि खटका दाबायचा. शेकडो पोरं एकदम उसळायची. पंढरीशेठ पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत असायचे आणि शेजारच्या पोराला कोपराने ढोसून सांगायचे, "तो डबा माझा हाय."

मला त्या काळात एकच भीती होती. कोणीतरी विकतची चकचकीत पेटी आणेल आणि मी पुन्हा माळ्यावर जाईन. या भीतीत मी इतका गुंतलो होतो की दुसरं काही मला दिसलंच नाही. मितेश आता मनालीच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय उत्तर देत नाही, हे मला दिसलं नाही. ते घरातही कोणाला दिसलं नाही. त्या घरात सगळेच मोठ्याने बोलायचे, कारण पंढरीशेठना ऐकू जायला हवं. आणि सगळेच एकमेकांचे ओठ पाहायचे, कारण तशी सवयच होती. अशा घरात आणखी एकाला ऐकू येईनासं झालं तर कळणार कसं?

ते कळलं २००६ च्या मे महिन्यात, दुपारी तीन वाजता.

सराव चालू होता आणि वीज गेली. त्या वर्षांत भिवंडीत वीज रोज जायची, त्यात नवल नव्हतं. आठही लूम थांबले, ॲम्प्लिफायर थांबला. पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू यायला लागली. भाविकने काठ्या खाली ठेवल्या. मनाली तिघांसाठी ताक घेऊन आली होती, ती दारात उभी होती.

आणि एक घड्याळ वाजायला लागलं. टिटी टिटी, टिटी टिटी. मितेशच्याच मनगटावर आकड्यांचं घड्याळ होतं, त्याचा गजर. तो बारीक, टोकदार आवाज सगळ्या शेडमध्ये भरला. मितेश तारा पुसत होता.

"अरे बंद कर ना ते," भाविक म्हणाला.

मितेशने मान वर केली नाही.

"ओ राजे! घड्याळ! झोपलास का?" भाविक हसायला लागला. "ॲक्टिंग बघ याची. केसरी, बघ बघ."

केसरीनाथही हसला. मितेशने त्यांना हसताना पाहिलं आणि कशाला हसतात ते न कळता तोही हसला.

मनाली हसली नाही. तिच्या हातातला ताकाचा तांब्या कलंडला आणि ताक सुताच्या पोत्यावर सांडलं. ती त्याच्याजवळ गेली, त्याचं मनगट धरलं आणि गजर वाजत असलेलं घड्याळ त्याच्या कानाला लावलं.

"काय?" मितेश म्हणाला.

मी जमिनीवर होतो. माझ्यात बॅटरी होती, खटका बंद होता. माझ्या पत्र्याला बाहेरून काहीच झालं नव्हतं, पण मला वाटलं माझ्यावरून लूम गेला.

आठवड्याने मनाली त्याला ठाण्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर, घरात कोणी नसताना, तिने त्याला तपासणीचा आलेख पुन्हा समजावून सांगितला. मी कोपऱ्यात होतो. तिने सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"कानाच्या आत केसांसारख्या टोकाच्या बारीक पेशी असतात. भाताच्या आवणासारख्या, कोवळ्या रोपांसारख्या समज. वाऱ्याने वाकतात आणि पुन्हा उभ्या राहतात. पण त्यांच्यावरून रोज गुरं गेली तर उभ्या राहत नाहीत. आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, मित्या. उंच आवाजाच्या पेशी आधी जातात. म्हणून तुला घड्याळ ऐकू आलं नाही. उरलंय ते टिकवता येईल. त्यासाठी एवढा मोठा आवाज बंद करावा लागेल. सगळा."

मितेशने आलेखातल्या रेघेवरून बोट फिरवलं. रेघ सरळ येत होती आणि चार हजारच्या आकड्यापाशी, उंच आवाजांच्या जागी, खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती.

"बाबांना सांगायचं नाही," तो म्हणाला.

"का?"

"कोपरा त्यांनी दिला ना. त्यांना कळलं तर ते कारखान्यात पाय ठेवणार नाहीत. नाय सांगायचं. भाविकला पण नाय. शपथ घे."

तिने शपथ घेतली. मी कोणाला सांगणार? पण त्या दिवसापासून माझ्या आधीच्या सगळ्या भीती मला क्षुल्लक वाटू लागल्या. लूमनी सुरुवात केली असेल, पण आठ लूमच्याही वर ज्याचा आवाज चढला होता, तो मी होतो. मी वाघ नव्हतो. आवणावरून गेलेली गुरं मी होतो.

मितेशने बँडची चालच बदलली. मला त्याने लाकडी कपाटावर ठेवून दिलं. सराव कारखान्यातून घरच्या ओटीवर आला. तो साध्या तारांवर, बोटांनी, हळू वाजवू लागला. नवी गाणी त्याने त्याच्या तुटपुंज्या ऐकण्याला पुरतील अशी खालच्या पट्टीत बांधली. मनाली म्हणायची, ती सुंदर आहेत. मलाही तसं वाटायचं, पण माझ्या मताला काय किंमत?

भाविक चिडला. तेव्हा मुलं संगणकावर ऑर्कुटला आपापसात लिहायची. तिथे 'धोटा'च्या चाहत्यांनी काय लिहिलंय ते तो कागदावर उतरवून आणायचा आणि ओटीवर उभा राहून वाचायचा.

"ऐक. 'धोटा मेला, बँजो पार्टी जन्माला आली.' ऐक पुढचं. 'मितेशला लग्नाच्या कॅसेटवाल्यांनी उचलला.' हे बघ, याने एकच शब्द लिहिलाय. 'गद्दार.' चार वर्षं भाई, चार वर्षं घासली आपण! कारण तरी सांग!"

"मला आता असंच वाजवायचंय."

"असंच म्हणजे कसं? मच्छर मारल्यासारखं?"

मितेशने तारा पुन्हा जुळवायला घेतल्या. केसरीनाथने त्या दिवसाचे सहाही शब्द खर्च केले, "भाविक, बस कर. चहा पी. बस."

पण मला सर्वांत जास्त भीती वाटायची ती संध्याकाळी पाच वाजता, पंढरीशेठ कामावरून आले की. ते खुर्ची ओढून मुलाच्या समोर बसायचे आणि वाट पाहायचे. मितेश वाजवायचा. पंढरीशेठ त्याची बोटं पाहायचे, मग कान पुढे करायचे, मग खुर्ची जवळ ओढायचे.

"नुसती बोटं नाचवतोस काय रं? बापाला फसवतोस?" ते हसून म्हणायचे.

एकदा ते न हसता आत गेले. जानकीबाई तांदूळ निवडत होत्या. पंढरीशेठना वाटायचं आपण हळू बोलतोय, पण त्यांचं बोलणं सगळ्या घराला ऐकू जायचं.

"पोरगा माझ्यावर रागावला हाय गो. मना आयकू जाऊ न्हाय, म्हणूनच असा वाजवतोय. मी काय केला त्याचा?"

ओटीवर मितेशची बोटं थांबली. मनालीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मानेनेच 'नाही' म्हटलं. मी कपाटावरून सगळं पाहत होतो. सत्य सांगितलं तर बाप मोडेल. नाही सांगितलं तर बापाला वाटेल की मुलगा दुरावला. आणि हे सगळं सोडवायला एक सोपा रस्ता होता. मला खाली काढायचं आणि खटका दाबायचा. पंढरीशेठना ऐकू आलं असतं, भाविकचा राग गेला असता, पोरांनी गजर केला असता. मुलाचे उरलेले कान तेवढे गेले असते.

जानेवारी २००७. काल्हेरमध्ये एक नवं गोदाम बांधून तयार होतं, माल अजून यायचा होता. त्या रिकाम्या गोदामात रविवारी दुपारी चार बँडचा कार्यक्रम ठरला. 'धोटा' शेवटी. मला न्यायचं नव्हतं. पण निघताना भाविकने कपाटावर हात घातला आणि मला आपल्या पिशवीत टाकलं.

"एकदाच," तो स्वतःशीच म्हणाला. "पब्लिकसमोर पाय आपोआप पडेल साल्याचा."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याला आपला मित्र परत हवा होता. स्टेजवर तारांची गर्दी असते. त्या गर्दीत त्याने मितेशच्या गिटारची वायर माझ्यात खोचली आणि माझी वायर पुढे जोडली. माझं बटण दहावर होतं, शेवटच्या सरावाला होतं तिथेच. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकर होते. वर पत्रा, चारही बाजूंना काँक्रीट. आवाज तिथून कुठे जाणार होता?

मितेश आला आणि पायाशी मला पाहून थबकला. तेवढ्यात खाली पाचशे पोरांनी मला पाहिलं.

"डबा! डबा! डबा!"

त्याने माझ्याकडे पाठ केली आणि हळू वाजवायला सुरुवात केली. खटका न दाबता माझ्यातून लहर जशीच्या तशी जाते, गोल माथ्याची. अर्ध्या मिनिटातच शिट्ट्या सुरू झाल्या.

"ए गद्दार!"

"हळदीला जा, हळदीला!"

"डबा दाब! दाब ना बे!"

एक पाण्याची बाटली येऊन ड्रमवर आपटली. मग एक चप्पल आली. मितेश वाजवायचा थांबला. गजर इतका वाढला की कोण काय म्हणतंय ते कळेना. कडेला उभी असलेली मनाली ओरडत होती, पण तिचा आवाज माझ्यापर्यंतही येत नव्हता, तर त्याच्यापर्यंत कुठून येणार?

मितेश वळला. त्याचा पाय उचलला गेला आणि माझ्या वर येऊन थांबला. मित्रांनो, त्या तळव्याची सावली माझ्या झाकणावर पडली. आयुष्यभर मी ज्याची वाट पाहिली होती तोच हा पाय. आणि मी, ज्याला स्वतःला काहीच करता येत नाही, मनात एकच गोष्ट म्हणत होतो, बॅटरी मरू दे, डायोड जळू दे, माझा एखादा सांधा तुटू दे. काहीही झालं नाही. मनालीने मला फार नीट बनवलं होतं.

पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टात पंढरीशेठ उभे होते. ते मुलाकडे पाहत होते. त्यांनी आवाज न काढता, लूमवर बोलतात तसं, ओठ हलवले.

'दाब ना पोरा. मना आयकायचा हाय.'

मितेशने ते वाचलं. मीही वाचलं. त्याचा पाय तसाच हवेत होता. मग त्या पाचशे जणांच्या गजरात त्यानेही ओठ हलवले. आवाज अजिबात नाही.

'बाबा, माझे पण कान गेलेत.'

त्या गोदामात ते वाक्य तिघांनाच कळलं, पंढरीशेठना, मनालीला आणि मला. बाकीचे अजून गजर करत होते.

पंढरीशेठचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लूममध्ये सूत तुटलं की ते हात उंचावून लूम थांबवायचे, तसा त्यांचा हात वर गेला. थांबवायला तिथे लूम नव्हता. मग ते दोन्ही हातांनी पोरं बाजूला सारत स्टेजवर चढले, गुडघ्यावर बसले आणि मुलाच्या पायाखाली, माझ्या खटक्यावर, आपला तळहात सपाट ठेवला.

अकरा वर्षं दुपारी एक वाजता हाच हात माझं झाकण उघडत होता. त्याला अजून सुताचा वास होता.

मितेशने पाय मागे घेतला. मनाली धावत आली. तिने आधी ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर नेला आणि मगच माझ्या वायरी काढल्या, कारण चालू वायर उपसली की जो धमाका होतो तो तिला माहीत होता. पंढरीशेठनी मला उचलून छातीशी धरलं आणि माइकजवळ जाऊन, नेहमीपेक्षाही मोठ्याने, म्हणाले,

"हा डबा माझा हाय! माझ्या जेवनाचा! मी घरी नेतो. तुम्ही पोरा, गप आयका तो काय वाजवतो ते. मना तर आयकू पन येत न्हाय, तरी मी बसतो. तुम्हाला काय झाला?"

काही पोरं हसली. बरीचशी उठून गेली, शिव्या देत गेली. शंभर-सव्वाशे राहिली असतील. गिटार पुन्हा जोडली गेली, माझ्याशिवाय. पंढरीशेठ मांडी घालून मुलाच्या पायाशी बसले आणि त्यांनी एक हात वर करून गिटारच्या लाकडावर ठेवला. मितेश वाजवू लागला. थोड्या वेळाने त्यांची बोटं त्या लाकडावर ठेका धरू लागली. ठेका बरोबर होता. भाविक पाहत राहिला. त्याला अजून काही माहीत नव्हतं, पण त्याने काठ्या खाली ठेवल्या आणि तळहातांनी वाजवायला घेतलं.

घरी परतताना टेम्पोत सगळं सांगून झालं.

"च्यायला, ते घड्याळ," भाविक म्हणाला आणि तोंड झाकून रडला. "मी हसलो होतो रे."

"कोपरा मी दिला," पंढरीशेठ म्हणाले.

"कोपरा तुम्ही दिलात बाबा. आवाज मी वाढवला," मितेश म्हणाला.

"आणि ठिपका पुसला गेला तेव्हा मी पुन्हा दिला नाही," मनाली म्हणाली.

मी पंढरीशेठच्या मांडीवर होतो. मलाही काही बोलायचं होतं, पण डब्याला कोण विचारतो?

पंढरीशेठनी कारखाना सोडला नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या कामगारांना कापसाचे बोळे वाटले. मनालीने ते काढून घेतले, कापूस पुरत नाही म्हणून सांगितलं आणि फोमचे कानबोळे आणले. ते घालायला कामगार आधी लाजले, मग भांडले, मग घालू लागले. 'धोटा'ला जुनं नाव पुन्हा मिळालं नाही. मितेशला अजूनही कोणीतरी गद्दार म्हणतं. तो ते ओठांवर वाचतो आणि हसतो. दर वर्षी त्याचा आलेख काढतात. रेघ अजून तिथेच आहे, खाली गेलेली नाही.

मनाली आता अंबाडीच्या या शाळेत विज्ञान शिकवते आणि तिने मला बरोबर आणलं. ध्वनीचा धडा आला की ती मला कपाटातून काढते, झाकण उघडून माझं पोट मुलांना दाखवते. आवाजाच्या बटणावर पाचपाशी आता पुन्हा लाल ठिपका आहे. तिने मला कधीही दोनच्या पुढे नेलेलं नाही.

पण धड्याची सुरुवात ती घड्याळाने करते. मितेशचं तेच घड्याळ. ती म्हणते, "गजर ऐकू आला की हात वर करा." मुलं हसत हसत हात वर करतात आणि मी एक एक हात मोजत असतो. शेवटचा हात वर होईपर्यंत माझा पत्रा गार पडलेला असतो.

यंदा वर्गात सत्तेचाळीस मुलं आहेत. गेल्या मंगळवारी सत्तेचाळीस हात वर झाले. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात मला दिसलं, खिडकीजवळ बसणाऱ्या रीमाने आधी शेजारणीकडे पाहिलं आणि मग हात वर केला. सगळे हसले तेव्हा तीही थोडी उशिराने हसली.

मनालीनेही ते पाहिलं होतं. तिचा आवाज जरासुद्धा बदलला नाही.

"छान. आता पुन्हा एकदा. या वेळी सगळ्यांनी डोळे मिटायचे."

मित्रांनो, तुमच्या कानाला लावलेल्या वायरीतून कोणतं गाणं येतं त्याच्याशी मला भांडायचं नाही. मी स्वतः गरजलो आहे, गरजण्यातला आनंद मला माहीत आहे. पण आपल्या आवाजाच्या बटणावर एक ठिपका द्या आणि तो पुसला गेला तर पुन्हा द्या. आणि तुमच्या शेजारचं कोणी तुम्हाला हसताना पाहून मगच हसत असेल, तुमच्या ओठांकडे पाहून उत्तर देत असेल, तर त्याची थट्टा करू नका. मोठ्या माणसाला सांगा, त्याच दिवशी सांगा. आमच्याकडे चार वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

त्या मंगळवारी वर्गात सगळ्यांनी डोळे मिटले. घड्याळ वाजलं. टिटी टिटी, टिटी टिटी. मी मोजू लागलो. सेहेचाळीस हात वर होते. मनाली पाय न वाजवता खिडकीपाशी गेली आणि तिने रीमाच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.